क्विझ सुरू झालं की अर्धा वर्ग बाहेर: पुन्हा पुन्हा होणारा घोळ आणि त्याची खरी कारणं

"बाई, माझं नुसतं फिरतंय."
"बाई, मला बाहेर काढलं."
"बाई, कोडच घेत नाहीये."

फोन किंवा टॅबवर वर्गात क्विझ घेणाऱ्या कुणालाही ही तीन वाक्यं तोंडपाठ असतील. मी जवळजवळ वर्षभर तिन्हींवर एकच औषध देत होते: "बंद करून परत चालू कर." कधी गुण यायचा, कधी नाही. राउटर बंद-चालू केला की त्या दिवसापुरतं निभायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नेट स्लो आहे, ॲप भिकार आहे, मुलं चाळे करतात, असे सगळे आरोप करून झाले.

शेवटी एक वही केली. कितव्या तासाला, कितव्या प्रश्नाला, किती जणांचं अडकलं आणि स्क्रीनवर नेमके कोणते शब्द होते, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. ही तीन वाक्यं म्हणजे तीन वेगळे आजार होते. चौथाही एक निघाला, आणि त्याबद्दल कुणीच तक्रार करत नव्हतं. ओळीने सांगते.

"नुसतं फिरतंय"

वहीतली पहिली विचित्र गोष्ट अशी की पहिल्या दोन तासांना हा त्रास जवळपास नव्हताच. तिसऱ्या तासाला मात्र हमखास, आणि दर वेळी बारा ते पंधरा मुलं. नेट स्लो असतं तर सगळ्यांचंच रडगाणं असतं. इथे बाकीच्यांचं मख्खन चाललेलं आणि या चौदा जणांना वायफायच जोडता येत नव्हतं. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर नेटवर्कच्या नावाखाली "आयपी पत्ता मिळवत आहे" असं लिहून फोन तिथेच थांबलेला.

गोम त्या ओळीतच होती. वायफायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. आमच्या राउटरकडे वाटायला शंभरच पत्ते होते, शेवटचा आकडा १०० ते १९९. शिवाय एकदा दिलेला पत्ता तो २४ तास त्या यंत्राच्या नावावर ठेवत होता. घरगुती वापराच्या राउटरवर कंपनीकडून येणारी मांडणी साधारण अशीच असते. घरात दहा-बारा यंत्रं, त्यामुळे तिथे कुणाच्या हे लक्षातही येत नाही. आता माझा हिशेब बघा. वर्गात ३८ मुलं, प्रत्येकाकडे स्वतःचा फोन किंवा टॅब. पहिल्या तासाला ३८ पत्ते गेले, दुसऱ्याला आणखी ३८, झाले ७६. तिसऱ्या वर्गासाठी उरले २४ आणि मुलं पुन्हा ३८. चौदा जण दारात उभे. पहिल्या तासाची मुलं कधीच निघून गेलेली, पण त्यांचे पत्ते अजून त्यांच्याच नावावर. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी आणि माणूस चढूच नये, तसला प्रकार.

राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटायचं, तेही यातून कळलं. बऱ्याच राउटरच्या आठवणीतली पत्त्यांची यादी वीज गेली की पुसली जाते. रुमाल उचलले जातात, जागा मोकळ्या होतात. आजार मात्र तिथेच.

उपाय दहा मिनिटांचा आहे, फक्त राउटरचा पासवर्ड ज्यांच्या हातात आहे त्यांना गाठावं लागतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी नावाचं पान असतं. तिथे दोन गोष्टी बदलायच्या. एक, पत्त्यांची मर्यादा वाढवायची. राउटरचा स्वतःचा पत्ता १ असेल तर २ ते २५४ पर्यंत देता येते. प्रिंटरसारख्या एखाद्या यंत्राला कायमचा पत्ता दिलेला असेल तर तेवढा आकडा वगळायचा. दोन, लीजची, म्हणजे दिलेला पत्ता एका यंत्राच्या नावावर राहण्याची, मुदत २४ तासांवरून एका तासावर आणायची. काही राउटर मुदत मिनिटांत मागतात, काही सेकंदांत. तिथे ६० लिहायचं की ३६००, हे नीट वाचून ठरवा. मी पहिल्यांदा सेकंदांच्या रकान्यात ६० लिहिलं होतं आणि सगळे फोन दर अर्ध्या मिनिटाला पत्ता नव्याने मागत बसले होते.

तुमचा आजार हाच आहे का, हे ओळखायची खूण म्हणजे अडकलेलं यंत्र लॅपटॉप असेल तर त्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. राउटरने काहीच दिलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतलेला असतो. असा पत्ता दिसला की ॲपला शिव्या देणं थांबवा.

याच जातीची आणखी एक भानगड आहे. काही ठिकाणी राउटरमध्ये ठरावीक यंत्रांचीच यादी घातलेली असते आणि त्याबाहेरच्या यंत्राला प्रवेश नसतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन नेटवर्कला आपला खरा हार्डवेअर पत्ता (यंत्राची कायमची ओळख, राउटरची ती यादी याच्यावरच चालते) सांगत नाहीत, मुद्दाम एक बनावट पत्ता सांगतात. मग "गेल्या वर्षीपर्यंत चालायचं, नवीन फोन घेतल्यापासून चालत नाही" अशी तक्रार येते. त्या एका नेटवर्कपुरता हा खासगी पत्ता बंद करता येतो.

आणि स्पीड टेस्टच्या नादी लागू नका. रिकाम्या वर्गात उभं राहून आपल्या एकट्याच्या फोनवर काढलेला आकडा कितीही देखणा असला तरी त्यावरून ३८ फोनांचं काय होईल ते कळत नाही. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तर तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या वर्गांचे राउटरही त्यातच कोंबलेले असतात. ज्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्‌झ चालतं ती तिकडे वळवली की इकडच्यांना श्वास घ्यायला जागा होते. क्विझचा डेटा खरं तर नगण्य असतो. त्याचं वजन वाढवतो तो आपणच टाकलेला फोटो. फोनने काढलेला ४ एमबीचा फोटो प्रश्नाला जोडला की ३८ मुलांना मिळून १५२ एमबी एकदम ओढायला लागतात. तोच फोटो २०० केबीवर आणला तर साडेसात एमबीत काम होतं.

"मला बाहेर काढलं"

पत्त्यांचं निस्तरल्यावर वाटलं, सुटलो. पण मुलं आत येऊन मधेच गळायला लागली. वही म्हणत होती, तिसरा प्रश्न, कधी चौथा. पहिल्या दोन प्रश्नांना कुणी गळत नव्हतं. तिसऱ्या प्रश्नात असं काय आहे, यावर मी बराच खल केला. प्रश्न बदलले, चित्रं काढून टाकली, क्रमही उलटा करून पाहिला. तरी गळती तिसऱ्यालाच.

कारण एका मुलाने सांगितलं, तेही सहज. "बाई, तुम्ही समजावायला लागलात की फोन झोपतो."

माझे पहिले दोन प्रश्न सोपे असतात, हात मोकळे करायला. पहिली खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाला येते, मग मी फळ्याकडे वळते आणि तीन-चार मिनिटं बोलते. तेवढ्यात फोनांच्या स्क्रीन विझतात. स्क्रीन विझली की ब्राउझर मागे पडतो, फोन वीज वाचवण्यासाठी त्याचं काम थांबवतो आणि क्विझच्या सर्व्हरशी असलेली जोडणी तुटते. मूल फोन उघडतं तेव्हा समोर पुन्हा कोड मागणारं पान. त्याच्या भाषेत, "मला बाहेर काढलं."

अँड्रॉइडवर स्क्रीन टाइमआउट बहुतेक वेळा ३० सेकंद किंवा एक मिनिट असतो. तो १० मिनिटांवर न्यायचा. आयपॅड-आयफोनवर याला ऑटो-लॉक म्हणतात. एवढं केलं की गळती बरीच थांबते. पण माझी पूर्ण थांबली नाही. पाच-सहा मुलं अजून पडत होती आणि रोज वेगळी. ती गाठ अशी सुटली की त्यांची बॅटरी कमी असायची. आयफोनवर लो पॉवर मोड चालू झाला की ऑटो-लॉक ३० सेकंदांवर येतो आणि तो चालू असेपर्यंत बदलताच येत नाही. अँड्रॉइडचा बॅटरी सेव्हरही मागे पडलेल्या ॲपवर लगाम घालतो. म्हणजे मूल "मी सेटिंग केली होती" म्हणतं ते खोटं नसतं. आता तासाच्या आधीच बॅटरी विचारते. २० टक्क्यांखाली असेल तर ते यंत्र चार्जिंगला आणि मूल शेजाऱ्याबरोबर जोडीने.

इतकं करूनही मी मोठं समजावणं क्विझच्या मधे घुसवायचं कमी केलं. तीन मिनिटं बोलायचंच असेल तर फोन पालथे ठेवायला सांगते आणि तुटतील ते तुटू देते. परत जोडताना तेच नाव टाकलं की बऱ्याच ॲपमध्ये आधीचे गुण तसेच राहतात. आपल्या ॲपमध्ये राहतात का, हे आधी दोन यंत्रांवर करून पाहावं.

"कोड घेत नाही"

हे किरकोळ आहे. दर वेळच्या खेळाला नवा कोड असतो आणि ब्राउझर मोठ्या प्रेमाने कालचा भरून ठेवतो. तो पुसून नवा घातला की झालं. कोडमध्ये अक्षरं असतील तर शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत ठरलेली. कपाटात महिनोन्‌महिने पडून बॅटरी पूर्ण उतरलेला टॅब असेल तर त्याची तारीख पाहा. घड्याळ चुकलेलं असलं की सुरक्षित साइट उघडतच नाही, "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असा इशारा येतो आणि मुलं घाबरून टॅब परत आणून देतात. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर टाकली की प्रश्न मिटतो. सगळे टॅब सकाळी एकदम वायफायवर येतात आणि एकदम अपडेट सुरू करतात, हेही एक दुखणं. प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेट बंद करून शनिवारी हाताने करते.

ज्याबद्दल कुणी तक्रार करत नाही

सगळे जोडलेले, कुणी गळत नाही, वर्गात नुसता उत्साह, फळ्यावर नावांची यादी वरखाली होतेय. तांत्रिक भाग संपला म्हणून मी खूश होते. मग सहज एकदा अहवाल उघडला आणि उत्तराला लागलेला वेळ पाहिला. तीन सेकंद. चार सेकंद. प्रश्न दोन ओळींचा, त्याखाली चार पर्याय. तीन सेकंदांत तो मलासुद्धा वाचून होत नाही, आणि तो मीच लिहिलेला होता.

मुलं वाचत नव्हती, पर्यायांचे रंग दाबत होती.

याचं एक कारण गुणांच्या पद्धतीत आहे. कहूट या क्विझच्या ॲपमध्ये नेहमीच्या पद्धतीने एका प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि वेळ जाईल तसे ते उतरत अगदी शेवटच्या क्षणाला ५०० वर येतात. चुकलं तर शून्य. थोडं गणित मांडलं तर इथेही वाचणाऱ्याचाच फायदा आहे. चारांतला एक डोळे मिटून दाबला तर सरासरी २५० पदरात पडतात, सावकाश वाचून बरोबर दिलं तर निदान ५००. मी हे मुलांना फळ्यावर करून दाखवलं. सगळ्यांना पटलं आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तीन सेकंद. उलटी मोजणी आणि ते संगीत चालू असताना कुणी सरासरी काढत बसत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

दुसरं कारण जास्त बोचणारं आहे, कारण ते माझ्या प्रश्नात होतं. दशांश अपूर्णांकांवर मी विचारलं होतं: सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.५, ०.४५, ०.३०५, ०.०९. ३८ पैकी २९ बरोबर. मी शाबासकी देऊन पुढे गेले. पण दशांशाबद्दल मुलांच्या डोक्यात दोन चुकीचे नियम पक्के बसलेले असतात. काहींना वाटतं जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या. ती ०.३०५ निवडतात आणि लगेच सापडतात. काहींना नेमकं उलट वाटतं, कमी आकडे म्हणजे मोठी संख्या. ती ०.५ निवडतात आणि बरोबर ठरतात! माझा प्रश्न त्यांची चूक झाकून वर गुण देत होता.

दुसऱ्या वर्गाला तो बदलून दिला: ०.४, ०.३७, ०.६२, ०.२१५. आता लांब म्हणजे मोठं समजणारा ०.२१५ वर जातो, आखूड म्हणजे मोठं समजणारा ०.४ वर, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तोच ०.६२ वर. घड्याळ बंद केलं. गुण शून्यावर ठेवले. फोन पालथे ठेवायला सांगून प्रश्न मोठ्याने वाचला, मग थांबले आणि नंतरच उत्तर द्यायला लावलं. निकाल: १७ जण ०.६२, ११ जण ०.४, ८ जण ०.२१५ आणि २ जण ०.३७. आखूडवाले अकरा जण आधीच्या प्रश्नात शहाणे ठरले असते.

इथे मी उत्तर सांगितलं नाही, आलेखही दाखवला नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांनी १९९१ पासून एक पद्धत वापरली. आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. त्याहून कमी असतील तर शिकवणंच पुन्हा करायचं, जास्त असतील तर पुढे जायचं. ३८ पैकी १७ म्हणजे ४५ टक्के, अगदी मधोमध. दोन मिनिटं वर्गात गलका. दुसऱ्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या वहीवर ०.४ च्या पुढे एक शून्य काढून म्हणत होती, "हे घे, चाळीस केलं तुझं. आता माझ्या बासष्टाशी भांड." दुसऱ्या फेरीत ३१ बरोबर.

फोनचा खरा उपयोग मला त्या मिनिटाला दिसला. ३८ जणांची मतं, कुणाचंही तोंड न बघता, एकाच वेळी माझ्या हातात. हात वर करायला लावलं असतं तर दहा हात हुशारांचे आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून.

थांबण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांब, अधिक विचार केलेली येतात. हे काम १९७०च्या दशकातलं, म्हणजे तेव्हा वर्गात फोन नव्हते. उलटी मोजणी दाखवणारी ॲपं ती जुनीच घाई फळ्यावर मोठ्या अक्षरात लावतात, एवढंच. त्यामुळे मी आता अशी ॲपं उजळणीच्या तासाला, मजेसाठी ठेवते. नवीन गोष्ट शिकवताना घड्याळ बंद, यादी बंद. प्रत्येकाने आपल्या गतीने सोडवायचा प्रकार असेल तर उत्तम.

इकडेतिकडे भटकणारे

क्विझच्या नावाखाली दुसरं काहीतरी उघडून बसलेले दोन-तीन जण असतातच. कॅनडातल्या साना, वेस्टन आणि सेपेडा यांनी २०१३ मध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. मधेच दुसरं काही करणाऱ्यांचे गुण कमी आलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती त्या बाजूच्यांचेही कमी आले. "माझं नुकसान मी बघेन" हे म्हणून चालत नाही ते यामुळे. शाळेच्या टॅबवर अँड्रॉइडचं स्क्रीन पिनिंग किंवा आयपॅडचा गायडेड ॲक्सेस लावून एकाच ॲपमध्ये अडकवता येतं. मुलांच्या स्वतःच्या फोनवर ते सक्तीने करायला मी जात नाही, भांडणं वाढतात. तिथे नियम एकच: मत देऊन झालं की फोन पालथा.

नेटच नसेल त्या दिवशी

यासाठी टेबलाच्या खणात प्लिकर्स या ॲपची कार्डं छापून ठेवली आहेत. प्रत्येक मुलाला वेगळ्या आकृतीचं एक कार्ड, आणि ते चारपैकी ज्या बाजूने वर धराल ते उत्तर. अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येकाची आकृती निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही साधत नाही. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि सगळ्यांची उत्तरं येतात. यंत्र एकच, माझं, आणि त्याला माझा मोबाइल डेटा पुरतो. फक्त कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. दिव्याचं प्रतिबिंब पडलं की कॅमेरा आंधळा होतो. मी एक संच असाच वाया घालवला.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, ती म्हणजे उशिरा येणारं मूल. वर्ग चौथ्या प्रश्नावर असताना ते दारात उभं राहतं, कोड विचारतं, जोडायला दोन मिनिटं घेतं आणि तेवढ्यात चार जण त्याला मदत करायला उठतात. सध्या दाराजवळच्या बाकावर प्लिकर्सचं एक कार्ड आणि कोरा कागद ठेवलेला असतो. आलेल्याने बसायचं, कागदावर उत्तरं लिहायची आणि फोन दप्तरातच ठेवायचा. मुलांना हे अजिबात आवडत नाही. कुणाकडे याहून बरी युक्ती असेल तर सांगा.